कार्ड बदलण्याआधी मीटर लावा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत संगणक दुरुस्तीच्या टेबलावर बसलं की एक वाक्य वारंवार कानावर येतं: "ताई, ग्राफिक्स कार्ड उडालं बघा." बोलणारा लग्नाचे व्हिडिओ संकलित करणारा असतो, नाहीतर शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांसाठी साच्यांची डिझाइन करणारा. कधी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी असते, हल्ली घरबसल्या एआय शिकणारी इंजिनिअरिंगची मुलंही येतात. कार्डाची किंमत लाखाच्या घरात गेलेली असते, बहुतेक वेळा हप्ते अजून फिटायचे असतात, त्यामुळं चेहरे उतरलेले असतात. त्यांना मी पहिल्यांदा धीर देते, कारण कार्ड सहसा उडालेलं नसतं. भिंतीतल्या सॉकेटपासून कार्डापर्यंत वीज ज्या वाटेनं येते, त्या वाटेत कुठंतरी खोट असते. ती सापडायला नवं कार्ड लागत नाही. एक मीटर लागतो आणि तपासायचा क्रम ठाऊक असावा लागतो. हा क्रम प्रत्येक कार्डवाल्याला माहीत असावा, अशी माझी तळमळ आहे, कारण तो माहीत नसल्यानं माणसं चांगली कार्डं भंगाराच्या भावात विकतात.

भूक किती वाढली

२०१४ साली आलेलं एनव्हिडियाचं जीटीएक्स ७५० टीआय ६० वॅटमध्ये भागवायचं, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी वीज. २०१७ चं १०८० टीआय २५० वॅटवर गेलं, २०२० चं आरटीएक्स ३०९० हे ३५० वर, २०२२ चं ४०९० हे ४५० वर आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेलं ५०९० थेट ५७५ वॅटवर.

हा आकडा केवढा, हे पुण्याच्या उदाहरणावरून कळेल. सी-डॅकच्या परम सिद्धी-एआय या महासंगणकानं नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत ६३ वा क्रमांक पटकावला. त्यात एनव्हिडियाच्या ए-१०० चिप आहेत आणि त्यांतल्या एकेका चिपची वीजमर्यादा ४०० वॅट आहे. म्हणजे राजारामपुरीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये टेबलाखाली ठेवलेलं कार्ड महासंगणकातल्या एका चिपपेक्षा जास्त वीज ओढत असू शकतं. महासंगणकाच्या दिमतीला वीज मोजणारी, गार ठेवणारी माणसं असतात. आपल्या टेबलाखाली असतो एक स्पाइक गार्ड, आणि त्याच्यावर मोबाइलचा चार्जरही खोचलेला.

खरी मेख वॅटमध्ये नाही, अँपिअरमध्ये आहे. घरातला दोन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर चालतो, म्हणून तो नऊ अँपिअरच्या आत राहतो. कार्ड चालतं १२ व्होल्टवर. ५७५ वॅट भागिले १२ व्होल्ट, म्हणजे जवळपास ४८ अँपिअर. गिझरच्या पाचपटीहून जास्त करंट बोटभर जाडीच्या केबलच्या जुडग्यातून वाहतो. तारेतून किंवा पिनेतून करंट गेला की उष्णता निर्माण होते, आणि ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एका पिनेतून ८ अँपिअर जात असतील आणि जोड घट्ट असेल, समजा रोध एक ओहमचा दोनशेवा भाग, तर त्या पिनेत वॅटचा एक तृतीयांश भागच उष्णता होते. तीच पीन सैल होऊन रोध दहापट झाला, तर तीन वॅटहून जास्त उष्णता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत कोंडते. प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग तपकिरी, मग वितळतं.

वीज कुठून येते

कार्डाला वीज मिळायच्या वाटा ठरलेल्या आहेत. मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत कार्ड बसतं, तिथून जास्तीत जास्त ७५ वॅट. सहा पिनांच्या कनेक्टरमधून ७५, आठ पिनांच्या कनेक्टरमधून १५०. नव्या सोळा पिनांच्या कनेक्टरमधून ६०० वॅटपर्यंत. त्यातल्या सहा पिना १२ व्होल्टच्या, सहा परतीच्या आणि चार बारीक पिना नुसत्या इशाऱ्याच्या, म्हणजे किती वॅट घ्यायला हरकत नाही हे कार्डाला सांगणाऱ्या.

या हिशेबात चूक झाली की काय होतं, ते २०१६ साली सगळ्यांनी पाहिलं. जूनअखेर एएमडीचं आरएक्स ४८० बाजारात आलं. मर्यादा १५० वॅट. खाचेतून ७५ आणि सहा पिनांतून ७५, म्हणजे हातात शिल्लक काहीच नाही. परीक्षकांनी खाचेतून येणारी वीज वेगळी मोजली, तेव्हा ती ठरलेल्या मर्यादेच्या वर जाताना दिसली. जुन्या, स्वस्त मदरबोर्डच्या खाचेवर तो ताण होता. एएमडीनं जुलैमध्ये ड्रायव्हरची नवी आवृत्ती काढून भार खाचेवरून सहा पिनांच्या कनेक्टरकडं वळवला, आणि वीज आणखी कमी करायची सोयही दिली. खाचेतून किती आणि केबलमधून किती, हे कुणीतरी वेगवेगळं मोजलं नसतं तर कदाचित पुढं बोर्ड जळाले असते आणि दोष बोर्डांच्या माथी बसला असता. आज हे मोजमाप फुकट होतं. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो ही छोटी सॉफ्टवेअर बऱ्याच कार्डांवर खाचेची वीज, केबलची वीज आणि १२ व्होल्टची प्रत्यक्ष पातळी वेगवेगळी दाखवतात.

बंद कसं पडतं, ते नीट बघा

दुकानात आलेल्याला मी आधी एकच विचारते: "बंद पडताना नेमकं काय झालं?" उत्तरं तीन प्रकारची येतात आणि तिन्हींची वाट वेगळी आहे.

पहिला प्रकार: सगळं मशीन खटकन बंद. पंखे थांबले, दिवे गेले, बटण दाबून सुरू होत नाही; मागचा स्विच बंद करून थोडं थांबल्यावरच सुरू होतं. इथं एसएमपीएसनं, म्हणजे भिंतीतली वीज १२ व्होल्टवर आणून देणाऱ्या डब्यानं, स्वतःला वाचवलं आहे. त्याला झेपेना इतका करंट क्षणभर ओढला गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

हा क्षण फार छोटा असतो. उसाला पाणी पाजणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही: मोटार सुरू होताना चालू भाराच्या पाच-सहापट करंट ओढते, म्हणून तर स्टार्टर लागतो. ग्राफिक्स कार्ड असे झटके काम चालू असताना सारखे मारतं. सरासरी ३५० वॅट दाखवणारं कार्ड सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरतं त्याच्या कितीतरी वर जातं. २०२० नंतरच्या कार्डांनी चांगल्या वॅटचे जुने एसएमपीएसही असे बंद पाडले. म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये इंटेलनं एटीएक्स ३.० हे नवं मानक जाहीर केलं. त्यानुसार सोळा पिनांचा कनेक्टर असलेल्या मोठ्या एसएमपीएसनं सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसला पाहिजे. नवा एसएमपीएस घेताना वॅटसोबत हे मानकही खोक्यावर वाचा. एनव्हिडिया ४०९० साठी ८५० वॅटचा आणि ५०९० साठी १००० वॅटचा एसएमपीएस सुचवते. ही शिफारस वाढवून सांगितलेली नाही.

दुसरा प्रकार: पडदा काळा, पण मशीन चालू, कार्डाचे पंखे मात्र विमान उडावं तसे गरगरतात. बहुतेक वेळा इथं कार्डाला मिळणारी वीज क्षणभर तुटलेली किंवा खचलेली असते. केबल आणि कनेक्टरपासून सुरुवात करायची.

तिसरा प्रकार: पडदा एकदा जातो, परत येतो आणि ड्रायव्हर बंद पडल्याचा संदेश येतो. इथं ड्रायव्हर, ओव्हरक्लॉक, मेमरी अशा गोष्टी आधी तपासायच्या. वीज नंतर.

विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नेल पॉवर ४१' दिसलं की पुष्कळ जण त्यालाच निदान समजतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट बंद न करता बंद पडलं. कारण तिला माहीत नसतं.

गणपतीच्या दिवसांतलं एक मशीन

गणेशोत्सवात आमच्या भागात आगमन मिरवणुकांचे व्हिडिओ रात्रीतून तयार व्हावे लागतात. अशाच एका रात्रीनंतर सकाळी एक तरुण संकलक कॅबिनेट रिक्षात घालून आला. "ताई, रेंडर लावला की दोन मिनिटांत पडदा काळा. गेम खेळताना पण तसंच. कार्ड उडालं म्हणत्यात सगळी." दुसऱ्या एका दुकानात त्याला कार्ड बदलायचा सल्ला मिळाला होता.

३५० वॅटचं कार्ड, वरती आठ पिनांचे दोन सॉकेट. दोन्हींत केबल होती, पण ती एकाच केबलची दोन तोंडं होती. एसएमपीएसपासून एकच केबल निघत होती आणि शेवटी तिला दुसरा फाटा फुटला होता. कार्डाचा २७५ वॅटच्या आसपासचा भार, म्हणजे सुमारे २३ अँपिअर, तीन तारांवरून येत होता. रेंडर लावून मी एचडब्ल्यूइन्फोवर १२ व्होल्टची ओळ बघत बसले. रिकामं असताना १२.१. भार वाढला तसा आकडा घसरत ११.३ वर आला. मानकानुसार तो ११.४ च्या खाली जाता कामा नये. तेवढ्यात पडदा गेला.

केबल काढली. फाट्यावरच्या कनेक्टरमधली एक पीन आतून पसरली होती, तिच्याभोवतीचं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालं होतं. वारंवार काढ-घाल केल्यानं आणि केबल तोंडाजवळच मुडपून कॅबिनेटचा पत्रा बसवल्यानं पिनेची पकड गेली होती. त्याच एसएमपीएसच्या खोक्यात दुसरी केबल न वापरता पडून होती. पिना साफ केल्या, सदोष केबल बाद केली, दोन सॉकेटना दोन स्वतंत्र केबली लावल्या. त्याच रेंडरला व्होल्टेज ११.८ वर टिकलं. कार्डाला काही झालं नव्हतं.

यातून दोन नियम सांगते. २२५ वॅटच्या वरच्या कार्डाला प्रत्येक सॉकेटसाठी एसएमपीएसपासून वेगळी केबल ओढा. आणि एका कंपनीच्या एसएमपीएसची सुटी केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. कार्डाकडचं तोंड सारखं असतं, एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी सारखी असेलच असं नाही. चुकीच्या पिनेवर १२ व्होल्ट गेले तर कार्ड खरोखरच उडतं.

वितळणारे कनेक्टर

ऑक्टोबर २०२२ मध्ये ४०९० बाजारात आलं आणि काही दिवसांतच सोळा पिनांचे कनेक्टर वितळल्याची छायाचित्रं जगभर फिरली. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियानं सांगितलं की जगभरातून सुमारे पन्नास तक्रारी आहेत आणि कनेक्टर पूर्ण आत न बसणं हे मुख्य कारण दिसतं. पुढच्या वर्षी कनेक्टरची सुधारित रचना आली. तिच्यात इशाऱ्याच्या पिना आखूड केल्या, म्हणजे कनेक्टर पुरता बसल्याशिवाय त्या जुळणार नाहीत आणि कार्ड पूर्ण वीज मागणार नाही.

तरी प्रश्न संपला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये डेर बाउअर या नावानं ओळखल्या जाणाऱ्या जर्मन तज्ज्ञानं ५०९० च्या केबलमधली एकेक तार मोजली. सहा तारांत करंट सारखा वाटला जायला हवा होता. त्याच्या मोजणीत एका तारेतून २० अँपिअरहून जास्त जात होता आणि एसएमपीएसकडचं टोक दीडशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलं होतं. एका पिनेची मर्यादा साडेनऊ अँपिअरच्या आसपास असते. एकूण वॅटचा आकडा बरोबर, व्होल्टेजही बरोबर, आणि तरीही एक तार जळायच्या बेतात. बहुतेक कार्डांवर सॉफ्टवेअरच्या आकड्यात हे दिसत नाही.

म्हणून महागड्या कार्डाच्या प्रत्येक तारेचा करंट क्लॅम्प मीटरनं तपासावा, असं माझं ठाम मत आहे. इथं एक खबरदारी. माझे वडील शिवाजी उद्यमनगरात मोटारी रिवाइंड करायचे. त्यांच्याकडं होता तसा क्लॅम्प मीटर तिथं जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळतो, पण तो फक्त एसी मोजतो. संगणकातली वीज डीसी असते. तो मीटर तारेवर लावला तर शून्य दाखवेल आणि माणूस निर्धास्त होईल. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मागून घ्या.

घरी मीटर नसला तरी डोळे आणि हात आहेत. मशीन बंद करून, प्लग काढून, कनेक्टर आत सरकवा. कार्ड आणि कनेक्टर यांच्यामध्ये फट दिसता कामा नये. कनेक्टरपासून निदान तीन-चार सेंटिमीटर केबल सरळ जाऊ द्या, मग वळवा. काचेचा दरवाजा केबलवर दाबून बसत असेल तर कॅबिनेट बदला. आणि जोड उगाच काढ-घाल करू नका.

कमी वीज, नको तेव्हा वीज

काही तक्रारी उलट असतात. मशीन बंद पडत नाही, पण संथ चालतं. जीपीयू-झेडमध्ये कार्ड कशामुळं अडलंय ते दाखवणारी एक ओळ आहे: वीजमर्यादा, तापमान की व्होल्टेज. ३५० वॅटचं कार्ड पूर्ण भारावर १५० वॅटवरच अडत असेल, तर इशाऱ्याच्या पिना किंवा अ‍ॅडॉप्टर तपासा. कार्डाला कुणीतरी 'एवढीच वीज घे' असं सांगितलेलं असतं.

काही वेळा कार्ड काहीच काम नसताना साठ-सत्तर वॅट जाळत बसतं. दोन-तीन मॉनिटर वेगवेगळ्या रिफ्रेश रेटवर जोडले, की कार्डाच्या मेमरीला वेग खाली आणायला उसंत मिळत नाही. एएमडीच्या ७९०० मालिकेत २०२२-२३ मध्ये ही तक्रार खूप होती आणि कंपनीनं ड्रायव्हर सुधारत ती कमी केली. एक मॉनिटर काढून बघा, १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर आणून बघा. आकडा खाली आला की कारण सापडलं.

भिंतीकडं वळा

शेवटची तपासणी खोलीच्या भिंतीची, पण तिला शेवटचं महत्त्व देऊ नका. राजारामपुरीच्या गल्ल्यांत राहत्या घरांच्या वरच्या मजल्यांवर क्लास, स्टुडिओ, ऑफिस आली. वायरिंग मात्र ट्यूबलाइट आणि पंख्याच्या हिशेबानं घातलेलं. एक हजार वॅटचं मशीन २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास घेतं. सहा अँपिअरच्या जुन्या सॉकेटवर, स्पाइक गार्डमधून, प्रिंटर आणि मॉनिटरसह ते चालवायचं म्हणजे जोखीम. अशा मशीनला सोळा अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट आणि चांगलं अर्थिंग हवं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंगचं काम आजच करून घ्या.

घरोघरी दिसणारा यूपीएस ६०० व्हीएचा असतो. तो प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटच देऊ शकतो. वीज गेली की सातशे वॅटचा भार त्याच्यावर पडतो, तो जागीच बंद होतो, आणि नाव कार्डाचं होतं. मशीन यूपीएसमधून काढून सरळ भिंतीला लावून एक दिवस चालवा; निम्म्या शंका तिथंच फिटतात.

शिवाय सगळी वीज खाऊ द्यायची गरज नसते. ४०९० ची मर्यादा ४५० वरून ३५० वॅटवर आणली तर रेंडरचा वेग अगदी थोडा कमी होतो. ही मर्यादा एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरमधून एका पट्टीनं बदलता येते. रोज आठ तास काम असेल तर शंभर वॅटची बचत महिन्याला चोवीस युनिट होते. वीज बिलाचा स्लॅब बदलायला तेवढी पुरू शकते. कनेक्टरवरचा ताण कमी होतो ते वेगळंच.

२०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि त्यात वापरलेली कार्डं बाजारात आली. ती घ्यायला हरकत नाही, पण कनेक्टरच्या पिना भिंगाखाली बघा आणि भार देऊन अर्धा तास आकडे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुकानदारालाही हक्कानं विचारा. भार दिल्यावर १२ व्होल्टचे किती राहिले? खाचेतून किती वॅट आले, केबलमधून किती? हे आकडे बिलावर लिहून मागा. मी ते लिहून देते. कोल्हापुरातल्या प्रत्येक दुरुस्ती टेबलावरून ते मिळाले, तर हप्ते काढून घेतलेलं चांगलं कार्ड केवळ अंदाजानं कुणाला फेकून द्यावं लागणार नाही.